डावा रकाना

भूविज्ञानाच्या पहिल्या फील्डवर्कच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हाला वहीचं पान मधोमध दुमडायला लावलं. दुमडीच्या डावीकडे वर लिहायचं ‘दिसलं’ आणि उजवीकडे ‘वाटलं’. सूचना एवढीच. हातोडी, भिंग, होकायंत्र, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली हे सामान विभागातून मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी एका कापलेल्या कड्यासमोर उभं करून त्यांनी आम्हाला तासभर दिला. मी दहा मिनिटांत पान भरून टाकलं. ज्वालामुखीचा खडक. बेसॉल्ट. लाव्ह्याचे दोन थर. भोकांमध्ये कॅल्साइट. पुस्तकात तसंच होतं आणि समोरही तसंच दिसत होतं. सर आले, त्यांनी वही हातात घेतली आणि पेन्सिलीने एकेका ओळीला बाण काढून ती उजव्या रकान्यात ढकलली. डावा रकाना कोरा राहिला. “हे तुला आधीच माहीत होतं, म्हणून लिहिलंस,” ते म्हणाले. “समोर काय आहे ते अजून लिहायचंय.”

मला राग आला होता. तरीही बसले. खडकाजवळ इतकी बसले की श्वासाचा दमटपणा दगडावर उमटत होता. ताज्या फोडलेल्या बाजूचा रंग काळपट करडा, उघड्यावरच्या बाजूचा तपकिरी. नुसत्या डोळ्यांना कण वेगळे दिसत नव्हते; दहापट भिंगातून बारीक, लांबट, चकाकणाऱ्या रेघा दिसल्या. भोकं खालच्या बाजूला तुरळक होती, वर जावं तशी दाट होत होती. काही रिकामी, काही पांढऱ्या खनिजाने भरलेली. त्या पांढऱ्यावर आम्लाचा थेंब सोडला. कॅल्साइट असतं तर फसफसलं असतं. थेंब नुसता बसून राहिला. पुन्हा भिंग लावलं, तर भोकाच्या कडेपासून आत पसरत गेलेल्या पांढऱ्या सुया, एखादं फूल अर्धवट उमलावं तशा. ते झिओलाइट नावाचं दुसरंच खनिज होतं. मी न बघताच कॅल्साइट लिहून मोकळी झाले होते.

आणि दोन थरांच्या मधे एक तांबडी पट्टी होती, जेमतेम वीतभर जाडीची. ती मी पहिल्यांदा लिहिलीसुद्धा नव्हती. हाताला मऊ लागत होती, नखाने उकरली जात होती, बोटांवर विटेच्या भुकटीसारखा रंग राहत होता. ती माती होती. खालचा लाव्हा थंड झाला, उघड्यावर पडून राहिला, त्यावर ऊन-पाऊस झाला, त्यातलं लोह हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजलं, त्याची माती झाली. मग कधीतरी वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. दख्खनच्या पठारात अशा पट्ट्या आहेत, उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमच्या बेसॉल्टमध्येही आहेत. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पण त्या दिवशी मी थक्क झाले ती त्याच्या वयामुळे नव्हे. वरची दहा-पंधरा माणसं उंच काळी भिंत कदाचित थोडक्या काळात वाहून आली असेल, आणि ही वीतभर माती व्हायला हजारो वर्षं लागली असतील. काळ जाडीत मोजता येत नाही. जिथे काहीच घडलं नाही असं वाटतं, तिथेच सगळ्यात जास्त काळ साठलेला असू शकतो.

पृथ्वी आणि पर्यावरण विज्ञान शिकायला आले तेव्हा मला या विषयात नेमकं काय असतं ते ठाऊक नव्हतं. दगड आवडायचे आणि नद्यांची काळजी वाटायची, एवढंच भांडवल. विद्यापीठात आल्यावर कळलं की या दोन आवडी म्हणजे दोन वेगळी टोकं मानली जातात. एका टोकाला खनिजं, खडक, जीवाश्म, भूकंप, कोट्यवधी वर्षं. दुसऱ्या टोकाला हवा, पाणी, माती, कचरा, कायदे, आणि हिशोब वर्षांचा, फार तर दशकांचा. एका बाजूची मुलं खाणी आणि तेल यांच्या नोकऱ्यांकडे बघत, दुसऱ्या बाजूची प्रदूषण नियंत्रणाकडे. पर्यावरणाच्या पेपरात ‘कारणे लिहा’, ‘उपाय सुचवा’ असे प्रश्न यायचे आणि मुद्दे पाठ असले की गुण मिळायचे. मला ते फार खटकायचं. ज्याने एकदाही नदीचं पाणी बाटलीत भरलेलं नाही त्याला नदीवरचे उपाय सुचवायला लावणं म्हणजे आजाऱ्याला न तपासता औषध लिहून देणं. आणि हे दोन विषय आहेत, असं मला आजही वाटत नाही.

काळाचं भान येणं ही काही वर्गात बसून होणारी गोष्ट नाही. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, हे वाक्य शाळेतल्या मुलालाही येतं, पण त्याने पोटात खड्डा पडत नाही. १७८८ साली स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन दोघा मित्रांना घेऊन स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकार पॉइंट नावाच्या टोकाशी होडीने गेला. तिथे करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या डोक्यांवर लाल वालुकाश्माचे थर थोडे कलते पहुडलेले आहेत. हटनने त्यांचा अर्थ लावला: खालचे थर समुद्रतळाशी आडवे साचले, मग त्यांचा दगड झाला, मग ते दुमडून उभे राहिले, पाण्याबाहेर आले, झिजले, आणि त्यानंतर त्यांच्यावर नवा गाळ साचू लागला. त्या दोन खडकांमधल्या रेषेला भूविज्ञानात विसंगती म्हणतात. तिथे खडक नाही, नुसती रेष आहे, आणि त्या रेषेत कोट्यवधी वर्षं आहेत. सोबत असलेल्या जॉन प्लेफेअरने नंतर लिहून ठेवलं की काळाच्या त्या खोल दरीत डोकावताना आम्हाला भोवळ आल्यासारखं झालं. मी सिकार पॉइंट पाहिलेला नाही. पण तांबडी पट्टी उकरलेल्या बोटाला ती भोवळ थोडीशी कळली होती.

दुसरं वर्ष बहुतेक सगळं सूक्ष्मदर्शकाखाली गेलं. दगडाची चकती बघायला मिळणं ही सुखाची गोष्ट आहे, पण ती स्वतः करायची म्हटलं की मनगटं भरून येतात. दगडाची पातळ काप करवतीने कापायची, काचेवर चिकटवायची आणि मग कार्बोरंडमची पूड व पाणी घेऊन दुसऱ्या काचेवर आठच्या आकड्यात घासत राहायचं. आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. जाडी ०.०३ मिलिमीटरवर आणायची असते. ती पट्टीने मोजता येत नाही, खनिजच सांगतं. ग्रॅनाइट असेल तर ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झकडे बघायचं. पिवळसर दिसलं तर चकती अजून जाड आहे. करडं-पांढरं झालं की थांबायचं. त्यापुढे चार फेऱ्या जास्त झाल्या की सगळा दगड पुडीबरोबर वाहून जातो. माझ्या पहिल्या तीन चकत्या अशाच गेल्या. तिसरी गेली तेव्हा संध्याकाळ झाली होती, प्रयोगशाळेत कोणी नव्हतं, आणि काचेवर नुसता डिंकाचा डाग राहिला होता.

चौथी साधली. सूक्ष्मदर्शकाची वरची ध्रुवक पट्टी आत सरकवली आणि मंच हळूहळू फिरवला. बाहेरून राखाडी दिसणाऱ्या त्या दगडात प्लॅजिओक्लेज या खनिजाचे काळे-पांढरे पट्टे उजळत आणि विझत होते, अभ्रकाचे तुकडे गुलाबी-हिरवे होत होते, क्वार्ट्झच्या कणात सावली एका बाजूने दुसरीकडे सरकत होती. ती सावली अशी सरकते याचा अर्थ त्या कणाने कधीतरी ताण सोसलेला असतो. त्याची आतली रचना किंचित वाकलेली असते. मी किती वेळ मंच फिरवत बसले मला आठवत नाही. एवढं आठवतं की वहीच्या डाव्या बाजूला मी चित्र काढत होते आणि पहिल्यांदाच उजवीकडे जायची घाई नव्हती.

पाण्याकडे मी आले ती तिसऱ्या वर्षी. प्रकल्पासाठी एका नदीवर तीन जागा ठरवल्या: वस्तीच्या वर, वस्तीत, आणि वस्तीच्या खाली जिथे दोन नाले येऊन मिळतात तिथे. मोजायचा होता पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. आता यासाठी बुडवून आकडा वाचायची यंत्रं मिळतात, पण आम्हाला विंकलरची जुनी पद्धत शिकवली गेली आणि ती शिकवली गेली याचं मला फार समाधान आहे, कारण तिच्यात उत्तर डोळ्यांना दिसतं.

तीनशे मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची. आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड. बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. मँगनीजचा साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, मुळात पांढरा असतो. पाण्यात ऑक्सिजन असला की तो मँगनीजला धरतो आणि साका तपकिरी होतो. जितका ऑक्सिजन जास्त, तितका तपकिरी गडद. हे सगळं नदीकाठीच करायचं, म्हणजे वाटेत काही बदलत नाही. प्रयोगशाळेत नेल्यावर सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवायचा. साक्याने जेवढा ऑक्सिजन धरला होता तेवढंच आयोडीन मोकळं होतं आणि पाणी पिवळं-केशरी दिसतं. मग थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या मोजनळीतून ते थेंब थेंब सोडत जायचं. फिकट पिवळं झालं की स्टार्च टाकायचं, गर्द निळं होतं, आणि मग एका थेंबाला ते निळं नाहीसं होतं. ब्युरेटवरचा आकडा म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम ऑक्सिजन, असं द्रावणाचं प्रमाण आधीच जमवून ठेवलेलं असतं. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात तो आठाच्या थोडा वर मावतो.

वरच्या जागेवर छान तपकिरी साका बसला. वस्तीतल्या जागेवर फिकट. तिसऱ्या जागेवर साका पांढराच राहिला.

मला वाटलं रसायनं बिघडली. दुसरी बाटली भरली. पुन्हा पांढरा. तिसरीत किंचित रंग आला म्हणून हायसं वाटलं, पण बूच तिरकं करून बघितलं तर खांद्याशी एक बुडबुडा अडकलेला होता. तो रंग माझ्या निष्काळजीपणाचा होता, नदीचा नव्हता. ती बाटली बाद केली. चौथी अगदी सावकाश भरली, मनगटापर्यंत हात पाण्यात घालून. पांढरा, दुधासारखा, हळूहळू तळाशी बसत गेलेला. पाणी वाहत होतं, त्यावर ऊन चमकत होतं, आणि त्यात श्वासापुरतंही काही नव्हतं.

सर सोबत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते एवढंच म्हणाले, “लिही.” मी डावीकडे लिहिलं: जागा तीन, वेळ अकरा वीस, साका पांढरा, चार बाटल्या, एक बाद. उजवीकडे काय लिहावं ते सुचेना. घसा दाटून आला होता. मी पर्यावरणावर निबंध लिहिले होते, वक्तृत्वात बक्षिसं घेतली होती, नदी मरते आहे हे वाक्य कितीदा तरी म्हटलं होतं. ते वाक्य मला पहिल्यांदा त्या दिवशी समजलं, आणि तेव्हा ते म्हणवेना.

पुढे एका व्याख्यानात बंगालच्या त्रिभुज प्रदेशातल्या आर्सेनिकची गोष्ट ऐकली आणि दोन टोकं एकाच दोरीची आहेत याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. तळी आणि नद्यांच्या घाण पाण्याने मुलं हगवणीने दगावत, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे लाखो उथळ कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला, पाणी दिसायला स्वच्छ, जंतू नाहीत. आर्सेनिक मात्र कोणी तपासलं नव्हतं. काही वर्षांनी माणसांच्या तळहातांवर आणि तळपायांवर कठीण गाठी येऊ लागल्या, अंगावर डाग दिसू लागले. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात आणि बांगलादेशात १९९० च्या दशकात त्याचं कारण पाण्यात सापडलं.

ते आर्सेनिक कुठल्या कारखान्याने ओतलं नव्हतं. हिमालयातून झिजून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचा लेप असतो आणि आर्सेनिक त्या लेपाला चिकटून असतं. तसंच राहिलं तर ते कोणाला काही करत नाही. पण गाळात गाडलेला पालापाचोळा जिवाणू खातात, तिथला ऑक्सिजन संपतो, आणि ऑक्सिजन संपला की जिवाणू गंजाकडे वळतात. लेप विरघळतो, आर्सेनिक सुटून पाण्यात येतं. लेप गेलेली वाळू राखाडी दिसते. लेप शाबूत असलेली तांबूस-तपकिरी. म्हणून शेजारशेजारच्या दोन घरांतल्या कूपनलिकांपैकी एक विषारी आणि एक चांगली निघू शकते. तपासणी झाल्यावर नळांच्या तोंडांना रंग दिले गेले, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे चालेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची आहे. आणि काही भागांतले खोदणारे कारागीर आता वर आलेल्या वाळूचा रंग बघून पाणी कुठल्या थरातून घ्यायचं ते ठरवतात.

वाळूचा रंग! मी वर्गात बसल्या बसल्या वही उघडून मागे गेले. तांबडी पट्टी. तपकिरी साका. पांढरा साका. कड्यातलं लोह आणि बाटलीतलं मँगनीज मला एकच गोष्ट सांगत होते, इथे ऑक्सिजन होता की नव्हता. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन पहिल्यांदा टिकून राहू लागला, तोही आपल्याला कळला तो बऱ्याच अंशी जुन्या खडकांतल्या लोहाच्या वागण्यावरून. त्या प्रदेशात लाखो लोक जे पाणी पितात ते भूविज्ञान की पर्यावरण, असा प्रश्न कोणी विचारला तर मला उत्तर देता येणार नाही.

क्लेअर पॅटरसनचं काम मला याच कारणासाठी फार जवळचं वाटतं. या अमेरिकी शास्त्रज्ञाला पृथ्वीचं वय काढायचं होतं. युरेनियमचं सावकाश शिसं होतं, म्हणून उल्केतल्या शिशाचं प्रमाण अचूक मोजायचं. पण आकडे जुळेनात. शिसं जिथे नसायला हवं तिथेही निघत होतं: काचेच्या भांड्यांत, पाण्यात, धुळीत, स्वतःच्या त्वचेवर. त्याने वर्षानुवर्षं फक्त स्वच्छता केली. भांडी आम्लात उकळली, हवा गाळून घेतली, प्रयोगशाळा अशी बांधून घेतली की आत धूळ येऊ नये. शेवटी १९५६ साली त्याने पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं आणि तो आकडा अजून जवळपास तसाच आहे.

बहुतेक माणसं इथे समाधानाने थांबली असती. पॅटरसनने मात्र ज्या अडथळ्याने त्याची वर्षं खाल्ली होती त्याच्याकडे मोर्चा वळवला. एवढं शिसं येतं कुठून? समुद्राच्या वरच्या पाण्यात ते खोल पाण्यापेक्षा जास्त होतं, म्हणजे ते वरून आणि अलीकडे आलेलं होतं. ग्रीनलंडच्या जुन्या-नव्या बर्फात तीच वाढ दिसली. पेट्रोलमध्ये मिसळलेलं शिसं गाड्यांच्या धुरातून सगळ्या जगावर पसरत होतं आणि माणसांच्या रक्तात चाललं होतं. १९६५ साली त्याने हे उघड मांडलं. त्याला पुष्कळ विरोध झाला. तो १९९५ साली गेला. १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झालं, आणि २०२१ साली अल्जीरियाने ते थांबवल्यावर जगातल्या कुठल्याच पंपावर गाड्यांसाठी ते मिळेनासं झालं. पृथ्वीचं वय आणि जगभर पसरलेलं शिसं हे एकाच माणसाने, एकाच सवयीने मोजलं. आकडा चुकतोय म्हणून तो त्याने डोळ्यांआड केला नाही.

त्याच पिढीतला दुसरा अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग. मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. पहिला आकडा दशलक्षात ३१३ भागांच्या आसपास होता. लवकरच त्याला दिसलं की आकडा मे महिन्यापर्यंत चढतो आणि मग शरदापर्यंत उतरतो, कारण उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात कार्बन ओढून घेतात. अख्ख्या गोलार्धाचा श्वास एका रेघेत उतरला होता. आणि दर वर्षी ती रेघ थोडी वर सरकत होती. आज आकडा ४२० च्या पुढे गेला आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी तो २८० च्या सुमाराला होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या प्राचीन हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांत तो कधी ३०० च्या फारसा पुढे गेलेला दिसत नाही.

कीलिंगच्या त्या आलेखात १९६४ साली काही महिन्यांची फट आहे. पैसे कापले गेले म्हणून मोजणी बंद पडली होती. मी तो आलेख पहिल्यांदा मोठा करून बघितला तेव्हा माझी नजर त्या फटीवरच खिळली. दगडातली फट निसर्गाने सोडलेली असते, तिच्यात माती झालेली असते, काहीतरी हाती लागतं. ही फट माणसाने सोडली आणि तिच्यातली हवा आता कोणालाच मोजता येणार नाही. लांब पल्ल्याच्या मोजणीला पैसे देताना हात आखडता घेतला जातो, दर तीन वर्षांनी ‘नवीन काय?’ विचारलं जातं, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. तीच जागा, तीच पद्धत, तेच मोजमाप, पुन्हा एकदा, यातच तर त्याचं मोल आहे.

भूविज्ञानाच्या काही मंडळींकडून एक वाक्य वारंवार ऐकू येतं: पृथ्वीने याहून वाईट बघितलंय, तिला काही होत नाही. हे खरं आहे आणि तरी मला ते सोसत नाही. ५.६ कोटी वर्षांपूर्वी काही हजार वर्षांत हवेत प्रचंड कार्बन आला, पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, समुद्रांचं पाणी आम्लतेकडे झुकलं आणि खोल तळावरचे कितीतरी सूक्ष्म जीव कायमचे गेले. सगळं पूर्ववत व्हायला लाखाहून अधिक वर्षं लागली. आपण आज कार्बन त्याहून कितीतरी वेगाने सोडतो आहोत. लाख वर्षं म्हणजे कड्यातली एक पट्टी. मी ती नखाने उकरलेली आहे. तिच्या रंगावरून तिच्यात कोण राहिलं, कोण गेलं, ते काही कळत नाही. ज्याला दीर्घ काळ कळतो त्याला आजच्या दिवसाची जास्त फिकीर वाटायला हवी, असं मला वाटतं; मला तरी तशी वाटू लागली.

विद्यापीठ सुटून बरीच वर्षं झाली. विंकलरच्या बाटल्या मात्र माझ्याकडे आहेत, आणि दर वर्षी चार वेळा मी त्या तीन जागांवर जाते. कोणी सांगितलेलं नाही, त्यातून काही छापलंही नाही. वही तिसरी आहे. पानं अजून मधोमध दुमडते. तिसऱ्या जागेचा डावा रकाना उघडला की वर्षानुवर्षं एकच शब्द खाली खाली येत राहतो: पांढरा, पांढरा, पांढरा. मधे एकदा पुरानंतर फिकट झाला होता आणि पुढच्या खेपेला पुन्हा पांढरा.

गेल्या खेपेला वरच्या नाल्याचं पाणी वळवण्याचं काम पूर्ण झालेलं दिसलं. नाल्याच्या मुखाशी चिखल सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. मी नेहमीच्या दगडावर बसून बाटली भरली, दोन्ही रसायनं सोडली, बूच लावलं, पंधरा वेळा उलटसुलट केली आणि उजेडाकडे धरली. साका खाली येऊ लागला तशी त्यात किंचित पिवळट झाक दिसली. आधी बुडबुडा शोधला. खांद्याशी नाही, बुचाखाली नाही. दुसरी बाटली भरली. तीही तशीच. संध्याकाळी टायट्रेशन केलं; स्टार्चचं निळं इतक्या लवकर गेलं की थेंब मोजायला श्वास रोखून धरावा लागला. लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम. दुसऱ्या बाटलीतही ०.८. माशाला जगायला हे पुरत नाही.

डावीकडे तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, साक्याचा रंग आणि दोन्ही आकडे लिहिले. तीन दिवस आधी पाऊस झाला होता, तेही लिहिलं. उजवा रकाना मोकळा ठेवला आणि पुढच्या खेपेची तारीख ठरवली, पाऊस होऊन निदान महिना उलटलेला असेल अशी.